दाराला आतून कडी लावल्यावरही लाज का वाटते?

तापीकाठची (मूळ लेखन)

नमस्कार. मी जळगावची, वय ५२. तीन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढावा लागला. उपचार नीट पार पडले, तपासण्या वेळेवर होतात, घरातले सगळे जीव लावतात. तरीही शस्त्रक्रियेनंतर मी अंघोळीच्या वेळी न्हाणीघरातला दिवा कधी लावलेला नाही. झरोक्यातून जेवढा उजेड येतो तेवढ्यात आटपायचे आणि खाली न बघता कपडे चढवायचे, अशी सवय लागली. दाराला आतून कडी असते, बघणारे कोणी नसते, तरीही.

मागच्या सप्टेंबरात मुलीकडे स्टुटगार्टला गेले होते. तिकडच्या सार्वजनिक सौनात, म्हणजे घाम काढण्यासाठी तापवलेल्या लाकडी खोलीत, पोहण्याचा पोशाखसुद्धा घालू देत नाहीत. अंगाखाली टॉवेल अंथरायचा आणि तसेच बसायचे, असा नियम असतो. मुलीने फक्त बायकांसाठी राखलेला दिवस शोधून काढला, तरी मी पहिली वीस मिनिटे बाहेरच्या बाकावर टॉवेल छातीशी धरून बसून राहिले. शेवटी आत गेले. लाकडी पायऱ्यांवर दहा-बारा जणी बसल्या होत्या. एकीच्या पोटाच्या घड्या मांड्यांवर आल्या होत्या, एकीच्या गुडघ्यावर टाक्यांची लांब रेघ होती, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी डोळे मिटून निवांत घाम गाळत होत्या आणि त्यांच्या अंगाची सगळी कातडी द्राक्ष वाळावे तशी सुरकुतली होती. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिले, मान हलवली आणि सरकून जागा करून दिली. तिची नजर माझ्या व्रणावर थांबली नाही, आणि दचकून दुसरीकडे वळलीही नाही. मी तिथे पंधरा मिनिटे बसले असेन. बाहेर आल्यावर थंड पाण्याखाली उभी राहून मी कितीतरी दिवसांनी स्वतःच्या छातीकडे नीट पाहिले.

परत आल्यापासून मी नॅचरिझम, म्हणजे काही प्रौढ माणसे स्वेच्छेने एकत्र विवस्त्र राहण्याची जी जीवनशैली पाळतात, तिच्याविषयी वाचते आहे. मला ती जळगावात आणायची नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या पंधरा मिनिटांत मला जे मिळाले ते विवस्त्र झाल्यामुळे मिळाले, की साधी, न सजवलेली शरीरे जवळून पाहिल्यामुळे? आणि दुसरे कारण खरे असेल, तर आपल्या खानदेशात, आपल्या रीतीभातीत राहून ते मिळवण्याची काही वाट आहे का?

गिरणाथडी

ताई, एवढे मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आधी मनापासून आभार. थोडी पार्श्वभूमी देतो. सौना आणि नॅचरिझम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण जर्मनीत दोघींची पाळेमुळे एकमेकींत गुंतलेली आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ‘फ्रायकोर्परकुल्टुर’, म्हणजे मुक्त देहाची संस्कृती, या नावाची चळवळ उभी राहिली. कारखान्यांचा धूर, कोंदट चाळी आणि क्षयरोग यांनी पिचलेल्या शहरांतल्या माणसांना ऊन आणि हवा मिळावी, हा तिचा मूळ उद्देश होता. १९२० च्या दशकात अडॉल्फ कोख नावाच्या शिक्षकाने बर्लिनमध्ये कामगारांसाठी विवस्त्र व्यायामाच्या शाळा चालवल्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्यांनी या संघटनांवर बंदी आणली. युद्धानंतर १९५० मध्ये फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर मोंतालिव्हे येथे नॅचरिस्टांची वसाहत उभी राहिली आणि तिथेच १९५३ मध्ये त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. या महासंघाने १९७४ मध्ये जी व्याख्या मान्य केली तिच्यात स्वतःचा आदर, दुसऱ्याचा आदर आणि निसर्गाचा आदर हे तीन हेतू सांगितलेले आहेत.

यात महाराष्ट्राचाही संबंध येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८९१ मध्ये ठाण्याचे जिल्हा न्यायाधीश चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ नावाचा एक छोटा संघ काढला होता. सभासद तीनच होते, आणि ते माथेरानला आणि तुळशी तलावाच्या परिसरात जमत. क्रॉफर्ड यांनी इंग्लंडमधील विचारवंत एडवर्ड कार्पेंटर यांना पाठवलेल्या पत्रांमुळे ही हकिकत आज आपल्याला कळते.

केळीबाग

ताईंच्या दुखण्याबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून माझे मत वेगळे आहे, ते लिहितो. थंड देशात ऊन दुर्मीळ, म्हणून तिथे उघड्या अंगाने उन्हात पडणे ही चैन आणि औषध दोन्ही झाले. आमच्या रावेर-यावलकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि माणूस डोक्याला, कानाला, तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय बागेत पाय ठेवत नाही. आमच्याकडे कपडा हीच सावली आहे. त्याशिवाय लाज ही काही फक्त बंधन नसते. लाजेमुळे घराघरांत एक मर्यादा राहते आणि त्या मर्यादेच्या आडोशाला दुबळ्या माणसालाही सुरक्षित वाटते. परक्या रीतीतून आलेली गोष्ट आपल्या मातीत लावताना मुळे धरतील का, हे आधी पाहिले पाहिजे.

परदेशी_पाहुणा

मी मूळचा चाळीसगावचा, नोकरीनिमित्त सात वर्षे नेदरलँड्समध्ये राहिलो. वर उल्लेख झालेल्या मोंतालिव्हेला मी आणि माझी पत्नी एका उन्हाळ्यात चार दिवस राहून आलो आहोत, म्हणून प्रत्यक्ष अनुभव सांगतो.

लोकांना वाटते तसे तिथे काहीही नसते, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. सकाळी पावाच्या दुकानापुढे रांग लागते. रांगेतल्या माणसांच्या अंगावर कपडे नसतात, खांद्यावर टॉवेल असतो आणि हातात पिशवी असते. कुठेही बसायचे झाले तर आधी टॉवेल अंथरायचा, हा शिष्टाचार सगळे काटेकोरपणे पाळतात. परवानगीशिवाय कोणाचे छायाचित्र घेणे म्हणजे मोठा अपराध समजला जातो, आणि टक लावून बघणाऱ्याला लगेच समज दिली जाते. बरीच माणसे साठी ओलांडलेली होती.

माझे पोट सुटलेले आहे आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेची खूण आहे. पहिल्या अर्ध्या तासात मला माझे पोट सोडून दुसरे काही सुचत नव्हते. श्वास आत ओढून चालत होतो. दुपारपर्यंत मात्र श्वास ओढण्याचे भान राहिले नाही. पत्नीचा अनुभव माझ्याहून खोल होता. ती म्हणाली, “लग्नाआधी मला बघायला आलेल्या प्रत्येक माणसाने माझा रंग पाहिला होता. इथे कोणी काहीच पाहिले नाही.” ताईंच्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देतो : विवस्त्र होणे हे निमित्त असते. खरा आराम मिळतो तो आपले मोजमाप घेणाऱ्या नजरा थांबल्यामुळे.

सातपुड्याची_ताई

मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला गेली अठरा वर्षे आरोग्याचे काम करते. धागा सकाळपासून वाचते आहे आणि एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून मला राहवत नाही.

शीर्षकात ताईंनी आतून कडी लावलेल्या दाराचा उल्लेख केला आहे. ज्या पाड्यांवर मी जाते तिथल्या कितीतरी घरांना न्हाणीघरच नाही, मग कडी कुठली. बायका पहाटे अंधारात ओढ्यावर जातात आणि अंगावरचे लुगडे न सोडता, ते अर्धे ओले अर्धे कोरडे करत अंघोळ उरकतात. एक बाई पाळतीवर उभी राहते, दुसरी अंघोळ करते. मासिक पाळीच्या दिवसांत तर अंगाला पाणी लावायलासुद्धा त्या अंधाराची वाट बघतात. त्यांच्यासाठी उघडे अंग म्हणजे मोकळेपणा नव्हे. ती कोणीतरी लादलेली अवस्था आहे. मोबाइलमध्ये कॅमेरे आल्यापासून तर ओढ्यावर जाणेही धास्तीचे झाले आहे.

म्हणून मला वाटते, अंगावरचे कपडे काढण्याचे स्वातंत्र्य ज्याला ते न काढण्याचेही स्वातंत्र्य आहे त्यालाच असते. मी नॅचरिझमच्या विरोधात नाही. मोंतालिव्हेला जाणारे आपल्या मर्जीने जातात आणि नको वाटले तर निघून येतात. माझ्या पाड्यावरच्या बाईला मात्र आधी चार भिंती, वर छत आणि आतून लागणारी कडी हवी आहे. ती मिळाल्यावर तिने आपल्या अंगाकडे कसे पाहावे हे ती ठरवील.

तापीकाठची

@सातपुड्याची_ताई, तुम्ही लिहिले ते वाचून थांबले. माझ्याजवळ कडी आहे, हे मी किती गृहीत धरले होते ते आज लक्षात आले. तुमचा मुद्दा माझ्या प्रश्नाच्या आधीचा आहे.

संपादक

विषय प्रौढांसाठीचा आणि नाजूक आहे. चर्चा उत्तम चालली आहे, ती अशीच चालू द्यावी. कोणीही छायाचित्रे किंवा कोणत्याही समूहाचे दुवे येथे देऊ नयेत.

लाल_माती

वय ६४, राहणार धुळे. बायकांच्या विषयात पुरुषाने बोलावे की नाही असे वाटले, पण परदेशी_पाहुणा यांचे पोटाविषयीचे वाक्य वाचून लिहायला बसलो.

आम्ही मुले तालमीत जात असू तेव्हा सगळ्यांच्या अंगावर फक्त लंगोट असे. हौद्यात लाल माती, तिच्यात तेल, ताक आणि हळद कालवलेली. जोर-बैठका झाल्या की एकमेकांच्या अंगाला माती चोळायची. कोणाची छाती भरदार, कोणाची पिंजऱ्यासारखी, कोणाच्या पाठीवर खरजेचे डाग. मातीने माखल्यावर सगळे एका रंगाचे होऊन जात. माझी छाती पुरुषाच्या मानाने जरा थुलथुलीत होती आणि शाळेत मुले त्यावरून फार छळत. तालमीत मात्र वस्तादांनी पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर थाप मारून एवढेच विचारले, “पकड घट्ट आहे का?” मला अंगाविषयी दुसरा कोणताही प्रश्न तिथे कोणी कधी विचारला नाही.

आता गावात जिम आहेत. चारही भिंतींना आरसे असतात आणि मुले व्यायाम करता करता स्वतःचे फोटो काढतात. माझा नातू जातो, त्याचे दंड माझ्या तरुणपणीच्या दुप्पट आहेत, तरीही तो शर्ट काढून अंगणात येत नाही, कारण त्याच्या मते पोटावर अजून रेघा उमटल्या नाहीत. त्याची मला काळजी वाटते. ताईंना वाट शोधायची आहे ना, तर मी म्हणेन की आपल्याकडे वाटा होत्या. त्या बुजल्या आहेत.

काळा_कोट

कायद्याविषयी कोणाचा गैरसमज राहू नये म्हणून थोडक्यात लिहितो. सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ मध्ये होती. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे नदीकाठी, डोंगरावर किंवा समुद्रकिनाऱ्यावर नॅचरिझम करता येईल अशा भ्रमात कोणी राहू नये.

मात्र नग्नता आणि अश्लीलता या गोष्टी कायद्याने एक मानलेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात स्पष्ट केले की केवळ नग्न असल्यामुळे चित्र अश्लील ठरत नाही. त्याचा संदर्भ आणि समकालीन समाजाचे मापदंड पाहावे लागतात. सातपुड्याची_ताई यांनी कॅमेऱ्याची जी धास्ती लिहिली आहे तिच्यासाठीही कायदा आहे. खासगी अवस्थेतील स्त्रीला चोरून पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा असून पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची शिक्षा होऊ शकते. ओढ्यावरच्या बायकांपर्यंत हे पोहोचवण्यासाठी पाड्यावर येऊन बोलायची वेळ आली तर मी येईन, हे येथे लिहून ठेवतो.

सातपुड्याची_ताई

@काळा_कोट, तुम्हाला निरोप पाठवला आहे. होळीनंतर या, तोवर माणसे कामाला बाहेर गेलेली असतात.

अर्ध्या_बाह्या

मी शिक्षक आहे, वय ३९. अंगावर कोड आहे. कोपरांपासून मनगटांपर्यंत, मानेवर आणि पाठीवर. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे हे डाग पडतात आणि ते स्पर्शाने पसरत नाहीत, हे मी विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवतो. तरीही तेरा वर्षे मी खानदेशातल्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावून, घालत आलो. बहिणीचे लग्न जमत नव्हते तेव्हा पाहुण्यांसमोर मी घरी नसावे असे ठरले होते आणि मी स्वतःच ते ठरवले होते.

लहानपणी आजी मला चोपड्याजवळ अडावदच्या उनपदेवला घेऊन जायची. गरम पाण्याचा झरा आहे, त्वचेला गुण येतो असे लोक मानतात. मला गुण आला नाही. पण त्या कुंडाच्या काठी उभ्या असलेल्या माणसांची रांग अजून आठवते : कोणाला खरूज, कोणाला गजकर्ण, कोणाचे भाजलेले हात, आणि सगळ्यांनी सदरे काढून खुंटीला अडकवलेले. कुंडातून बाहेर आल्यावर एका म्हाताऱ्याने आपल्याच धोतराच्या सोग्याने माझी पाठ पुसून दिली होती. माझ्या पाठीला घरच्यांशिवाय कोणी हात लावल्याची ती एकमेव आठवण आहे.

या धाग्यावरचे ताईंचे पहिले लेखन मी मंगळवारी वाचले. बुधवारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून शाळेत गेलो. फळ्यावर लिहिताना हात वर केला तेव्हा वर्ग क्षणभर गप्प झाला. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, हे दुखतं का?” मी नाही म्हटले आणि उरलेले गणित सोडवले.

वाचनमात्र

@अर्ध्या_बाह्या, सर, तुमच्यासाठी आज घरात शेवभाजी केली आणि तुमचे लिहिणे सगळ्यांना वाचून दाखवले.

डोंगरवाट

मांगीतुंगीला १०८ फुटांची भगवान ऋषभदेवांची दिगंबर मूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठापित झाली. आमच्या घरी दिगंबर परंपरा आहे, म्हणून एक विनंती करतो. अशा चर्चांत पुढे कोणीतरी मुनींचा दाखला देतोच, आणि तो देताना फरक विसरला जातो. मुनींची नग्नता हे अपरिग्रहाचे, म्हणजे स्वतःजवळ काहीही न बाळगण्याचे, व्रत आहे. शरीरावर प्रेम करणे किंवा ते स्वीकारणे हा तिचा हेतू नसून शरीराविषयीची आसक्तीच गळून पडावी, हा आहे. नॅचरिझम शरीराला आपलेसे करतो, आमचे मुनी शरीरापासून अलिप्त होतात. दोन्ही वाटा उलट्या दिशांना जातात.

एवढे म्हटल्यावर एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. मूर्तीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर मी संकोच कधी पाहिलेला नाही. उघडे शरीर लाजेशिवाय पाहता येते, हे आपल्या लोकांना नव्याने शिकवावे लागत नाही.

आजोबांचा_नातू

@डोंगरवाट यांच्या शेवटच्या वाक्यावरून आठवले. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसला माझे आजोबा पायी गेले होते. गांधीजींना त्यांनी जवळून पाहिले. घरी परतल्यावर आजीने विचारले, “कसे दिसतात?” आजोबांनी आवाजाचे वर्णन केले, चालण्याचे केले, चष्म्याचे केले. अंगावर पंचा सोडून काही नव्हते आणि बरगड्या मोजता येत होत्या, हे त्यांना सांगायचे सुचलेच नाही. तसे पाहिले तर त्याच गांधीजींना चर्चिलने १९३१ मध्ये अर्धनग्न फकीर म्हणून हिणवले होते. अंग तेच होते.

आकडेमोड

@केळीबाग यांनी मुळे धरतील का असे विचारले आहे, म्हणून झालेल्या संशोधनाबद्दल लिहितो. लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ किऑन वेस्ट यांनी ८४९ ब्रिटिश लोकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. नॅचरिस्ट उपक्रमांत जास्त भाग घेणाऱ्यांचे जीवनातले समाधान जास्त आढळले, आणि या संबंधामागे स्वतःच्या शरीराविषयी चांगले मत आणि वाढलेला आत्मसन्मान ही कारणे दिसली. यावर साहजिकच शंका येते की आधीच समाधानी असलेली माणसेच तिकडे वळत असतील. म्हणून त्यांनी पुढे ५१ जणांवर प्रयोग केला, ज्यात कोणी कपडे उतरवून इतरांत मिसळायचे आणि कोणी कपड्यांत राहायचे हे चिठ्ठ्या टाकाव्या तसे ठरले. कपडे उतरवलेल्या गटाला आपल्या शरीराविषयी अधिक आपुलकी वाटू लागली, आणि त्याचे कारण असे निघाले की लोक आपल्या अंगाला काय म्हणतील याची धास्ती कमी झाली होती.

म्हणजे परदेशी_पाहुणा यांनी अनुभवाने जे लिहिले तेच. आपल्याकडे ‘लोके काय म्हनतीन’ हे वाक्य पाळण्यापासून तिरडीपर्यंत सोबत असते, तेव्हा ही धास्ती कमी करण्याची गरज ब्रिटिशांपेक्षा आपल्याला कमी असेल असे मला वाटत नाही. अर्थात हे अभ्यास तिकडच्या समाजात झाले आहेत आणि ५१ ही संख्या लहान आहे, हेही ध्यानात ठेवावे.

केळीबाग

मी पुन्हा लिहितो आहे. अर्ध्या_बाह्या सरांचे वाचून मन हलले. परंतु स्वीकाराच्या नावाखाली आजाराकडे दुर्लक्ष होईल ही भीती माझ्या मनातून जात नाही. माझे वडील मधुमेहाने गेले. ‘आहे हे असंच आहे’ म्हणत त्यांनी पायाची जखम कोणाला दाखवली नाही.

तापीकाठची

@केळीबाग दादा, तुम्ही वडिलांविषयी लिहिले म्हणून आता मीही जे मूळ लेखनात टाळले ते लिहिते.

मला गाठ हाताला लागली तेव्हापासून डॉक्टरांना दाखवेपर्यंत चार महिने गेले. पैसे होते, गाडी होती, दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर होता. मी फक्त लाजले. पुरुष डॉक्टरांसमोर छाती उघडी करायची, या विचारानेच घशाला कोरड पडायची. नवऱ्याला सांगितले नाही, बहिणीला सांगितले नाही. अखाजीला माहेरी गेले होते, वहिनीबरोबर रात्री गच्चीवर झोपले होते, शब्द तोंडापर्यंत आले आणि मी परत गिळले. डॉक्टर पुढे म्हणाले की चार महिने आधी आला असतात तर कदाचित स्तन वाचवण्याचा विचार करता आला असता. त्या ‘कदाचित’चे ओझे मी तीन वर्षे उचलते आहे.

तुमच्या वडिलांनी जखम दाखवली नाही ती स्वीकार केला म्हणून नव्हे, दादा. मला वाटते, त्यांनाही माझ्यासारखीच लाज वाटली असावी. ज्याला आपले अंग आपले वाटते तो ते दाखवतो. मी विचारत होते ते याचसाठी.

केळीबाग

ताई, तुम्ही म्हणता ते खरे असावे. आई सांगायची की ते पायमोजे घालून झोपत. मी आजवर त्याचा वेगळाच अर्थ लावत आलो.

आसराबाई

मी सुईणीची लेक. ताईंनी वाट विचारली आहे ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना मालीश करतात, बाजेखाली शेगडी ठेवतात, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी देतात. माझी आई जळगाव-भुसावळकडच्या किती घरांत गेली त्याची गणती नाही. तिच्या हाताखालून सुटलेली पोटे, भेगाळलेली स्तनाग्रे, टाके, भाजल्याचे डाग, मारहाणीचे वळसुद्धा गेले. शेवटचे पाहिले की मात्र ती गप्प बसत नसे. बाकी कशाला ती नावे ठेवत नसे. तिच्यासाठी अंग म्हणजे पीठ मळावे तसे काम होते. बायका तिच्यापुढे रडत, आणि उठताना हलक्या होऊन उठत. आता शहरात हे बंद पडत चालले आहे, आणि उरले आहे ते फक्त बाळंतिणीपुरते. पन्नाशीच्या बाईने मालीशवाल्या मावशींना बोलवू नये असे कुठे लिहिले आहे? तिथेही कपडे उतरतात, तिथेही कोणी मोजमाप घेत नाही, आणि त्यासाठी स्टुटगार्टला जावे लागत नाही.

हाडवैरीण_नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आसराबाई यांची सूचना मला मनापासून आवडली, पण ताईंच्या बाबतीत काळजीचे दोन शब्द. पूर्ण बऱ्या झालेल्या व्रणावर तेल लावून बोटांनी हलकेच गोल चोळल्याने कातडी छातीच्या भिंतीला चिकटून आखडत नाही, म्हणून आम्हीही ते शिकवतो. मात्र काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात जोरात रगडू देऊ नये. हाताला सूज धरण्याचा धोका असतो. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि मावशींना स्पष्ट सांगा.

तापीकाठची

बारा दिवसांनी लिहिते आहे. डॉक्टरांना विचारले, त्यांनी परवानगी दिली आणि डावा हात वगळायला सांगितले.

मुलीच्या बाळंतपणात आमच्याकडे यायच्या त्याच मावशींना बोलावले. आता त्या सत्तरीच्या आहेत, कानाने कमी ऐकतात. मधल्या खोलीत चटई टाकली, दाराला कडी लावली आणि दिवा लावला. पदर बाजूला करताना माझे हात थरथरत होते. मी आधीच सांगून ठेवले होते की डावीकडे काही नाही. मावशींनी वाटीतले तेल तळहातावर घेतले, दोन्ही हात एकमेकांवर घासून कढत केले आणि सरळ व्रणावर ठेवले. त्यांचा तळवा खरखरीत आहे, कातडीला ओरखडल्यासारखे वाटले. तिथे शस्त्रक्रियेनंतर मला स्पर्श नीट कळत नाही. कडेकडेने कळतो, मधोमध नाही. त्यांनी अंगठा रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला आणि विचारले, “आठे दुखस का वं माय?”

मी नाही म्हटले. त्यांना ऐकू गेले नाही म्हणून मोठ्याने पुन्हा म्हटले. मग त्या पाठीकडे वळल्या आणि त्यांच्या सुनेची तक्रार सांगू लागल्या.

आसराबाई

ताई, तेल कोणते वापरले?

तापीकाठची

तिळाचे. त्या येताना घरून घेऊन आल्या होत्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा येणार आहेत.